आधी पेंढा, मग घोंगडी

परवा तू ओटीवर बसून फोनवर स्लीपिंग बॅगा दाखवत होतीस, तेव्हा मी फारसं बोलले नाही. फोटो पुढे सरकवताना तुझा उजवा अंगठा मध्येच थांबायचा आणि तू तो डाव्या हाताने हळूच चोळायचीस, तिकडेच माझं लक्ष होतं. आमवाताचं निदान होऊन आठ महिने झाले आणि या आठ महिन्यांत तू एकदाही डोंगरात मुक्कामाला गेली नाहीस. निघताना दारात चप्पल घालत म्हणालीस, "काकू, तंबूत झोपणं आता संपलं बहुतेक." तुझी गाडी नांद्याच्या रस्त्याला लागली तरी माझ्या मनात ते वाक्य होतं. म्हणून हे सगळं लिहून पाठवते आहे. संपलेलं काही नाही, पोरी. मणक्याची गादी सरकल्यावर मलाही असंच वाटलं होतं, आणि त्यानंतर मी किती रात्री बाहेर काढल्या ते तुझ्या काकांना विचार. पण दुखऱ्या अंगाने बाहेर झोपायचं तर अंथरूण-पांघरूण निवडताना चोखंदळ व्हावं लागतं, आणि दुकानदार सांगतो त्या क्रमाने निवडून चालत नाही.

तुझ्या आजोबांची घोंगडी अजून माळ्यावरच्या पेटीत आहे. वरचेवर ऊन दाखवते, कडुनिंबाचा पाला बदलते. काल काढली आणि ताणकाट्याला लावून बघितली. पावणेतीन किलो भरली. धनगरांच्या मेंढ्यांची काळी लोकर, सणगराच्या मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. एका कोपऱ्याला अजून त्यांच्या विडीने पडलेलं भोक आहे. पावसात तिची खोळ करून डोक्यावरून घेतली की माणूस भर आषाढात बांधावर उभा राहू शकायचा, कारण लोकर भिजली तरी ऊब बरीचशी धरून ठेवते. आजच्या स्लीपिंग बॅगेला डोक्याशी जी टोपी असते ना, ती या खोळीचीच बहीण.

मी नवी सून होते तेव्हा मामंजी मार्गशीर्षात खळ्यावर राखणीला झोपायचे. भात झोडून रास पडलेली असायची, रात्री डुकरं यायची. रात्रीची भाकरी पोचवायला मी धाकट्या दिराबरोबर जायचे. ते आधी पेंढा पसरायचे, चांगला वीतभर जाड. त्यावर गोणपाट. मग स्वतः आडवे व्हायचे आणि वर ही घोंगडी. एकदा मी विचारलं, मामंजी, घोंगडी एवढी जाड आहे, तर एवढा पेंढा कशाला? ते म्हणाले, "थंडी भुईतून येते बाय. वरची काय, ती कळते तरी. खालची झोपेत हाडात शिरते." पुढे मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पोरांच्या सहली घेऊन तिकोना, लोहगड, राजगड केले, आणि हे वाक्य प्रत्येक मुक्कामाला खरं ठरलं.

तेव्हा पहिली गोष्ट ही. तू बॅगेपासून सुरुवात करते आहेस, तू चटईपासून कर. स्लीपिंग बॅगेत ऊब निर्माण होत नाही. तुझ्या अंगाची ऊब तिच्या भरणातल्या कोंडलेल्या हवेत अडकून राहते, एवढंच तिचं काम. तू तिच्यावर आडवी झालीस की पाठीखालचं, खुब्याखालचं भरण दबतं, त्यातली हवा जाते आणि तिथे तुझ्या आणि कातळाच्या मध्ये उरतात कापडाचे दोन पदर. मग बॅग वीस हजारांची असो की दोन हजारांची, खालून ती सारखीच. आमवाताच्या माणसाला तर याचा दुप्पट जाच, कारण गारठा आणि टोचणं दोन्ही एकाच जागी होतं, खुब्यात आणि खांद्यात.

हे मी पोरांना शिकवत आले, आणि एका पौषात स्वतःच गाफील राहिले. मुळेच्या काठच्या शेतात मुक्काम होता. घरापासून तासाभराच्या अंतरावर म्हणून कॅरीमॅट घेतलीच नाही. बॅग चांगली होती, महागाची होती. पहाटे तीनला जाग आली तेव्हा डावा खुबा बधिर झाला होता आणि कंबर लाकडासारखी आखडली होती. वळता येईना. काकांनी काखेत हात घालून बसवलं. त्या एका रात्रीने पुढचे तीन आठवडे मला अंथरुणात ठेवलं. तुझं मी तसं होऊ देणार नाही.

पाच हजारांत सगळं बसवायचं म्हणालीस. त्यातले दोन हजार चटईला बाजूला काढ, मग उरलेल्यात बॅग शोध. चटया दोन तऱ्हेच्या. एक आपली फोमची कॅरीमॅट, गुंडाळून सॅकला बाहेरून बांधायची. हलकी, स्वस्त, काटा घुसला तरी तिचं काही बिघडत नाही, पण तुझ्या खुब्याला एकटी पुरणार नाही. दुसरी हवा भरायची, तीन-चार बोटं जाड, अंगाला मऊ, पण आपल्या सड्यावरच्या धारदार खड्यांनी आणि करवंदीच्या काट्यांनी फुटणारी. चटई ऊब किती अडवते त्याचा एक आकडा असतो, त्याला आर-व्हॅल्यू म्हणतात. जितका मोठा तितकं चांगलं, आणि एकावर एक दोन चटया टाकल्या तर दोन्ही आकड्यांची बेरीज धरता येते. म्हणून तू साधी पातळ फोम खाली आणि हवेची वर, अशा दोन्ही घे. मिळून किलोभर वजन होईल. वरची फुटलीच तर खालची रात्र काढून देईल, आणि अंथरूण जाड असल्याने पहाटे उठून बसताना गुडघ्यांनाही तेवढंच सोपं जाईल. हवेची घेताना तिची झडप दुकानात स्वतः उघडून-मिटून बघ. काही झडपा इतक्या बारीक आणि घट्ट असतात की धडधाकट माणसाच्याही नखाला लागतं.

आता थंडी किती, हे बघू. लोकांना वाटतं थंडी म्हणजे हिमालय, आपल्याकडे काय. पुण्याच्या वेधशाळेच्या नोंदीत १७ जानेवारी १९३५ ला किमान तापमान १.७ अंश आहे. असं रोज होत नाही, पण पौष-माघात आठ-दहा अंशांवर रात्री येतातच. आणि वेधशाळेचा आकडा वेधशाळेच्या आवाराचा. आकाश निरभ्र असलं, वारा पडलेला असला की जमीन भराभर निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते आणि उतारावरून घरंगळत खोऱ्यात साचते. इथे चांद्याला डिसेंबरात पहाटे नदीच्या बाजूला धुक्याची चादर दिसते ना, पलीकडे हिंजवडीच्या इमारतींचे वरचे मजलेच फक्त दिसतात, ते हेच. त्यामुळे कित्येकदा नदीकाठ थंडगार असतो आणि त्याच रात्री शे-दोनशे फूट वरची टेकडी बरी असते. एरवी उंचीचा हिशेब हजार मीटरला साधारण साडेसहा अंश. तोरणा १,४०३ मीटर, म्हणजे पुण्याहून आठशे मीटर वर, पाचेक अंश कमी धर. पण तिथे खरा वैरी वारा. तेव्हा तंबू नदीच्या थेट काठाला नको, उघड्या माथ्यावरही नको. मधला, झाडांच्या किंवा दगडाच्या आडोशाचा टप्पा बघ. एवढ्याने तुला दोन-तीन अंश फुकट मिळतात, त्यांचं वजनही उचलावं लागत नाही.

बॅगेवर लिहिलेले अंश नीट वाचायला शीक, कारण फसगत इथेच होते. चांगल्या बॅगांवर तीन आकडे असतात, युरोपातून आलेल्या प्रमाणाने मोजलेले. हल्ली त्याला आयएसओ २३५३७ म्हणतात. पहिला कम्फर्ट, दुसरा लिमिट, तिसरा एक्स्ट्रीम. कम्फर्ट म्हणजे एक बाई सैल अंगाने, हातपाय न आखडता आरामात झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे एक पुरुष अंगाचं मुटकुळं करून कशीबशी झोप काढेल ते. आणि एक्स्ट्रीम म्हणजे ती बाई सहा तास गारठून मरणार नाही, एवढीच हमी. त्यात झोप नाही, बरं वाटणं नाही. स्वस्त बॅगांवर पुष्कळदा एकच आकडा ठळक छापलेला असतो, आणि तो लिमिटचा किंवा एक्स्ट्रीमचा असतो. "झिरो डिग्री" असं लिहिलेली बॅग घेऊन कितीजण रात्रभर शेकोटीजवळ बसून राहिलेले मी पाहिलेत. आकडा कसला आहे हे दुकानदाराला सांगता आलं नाही, तर ती बॅग ठेवून दे.

आणि ही प्रमाणातली बाई कोण, हेही लक्षात घे. पंचवीस वर्षांची, साठ किलोची, एक मीटर साठ सेंटिमीटर उंचीची, निरोगी. ती तू नाहीस. तुझ्या रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन कमी आलंय, आमवातात ते पुष्कळांचं होतं, आणि रक्त कमी असलं की थंडी आधी लागते. गारठ्यात तुझी बोटं पांढरीफटक पडतात, हे तूच सांगितलंस. मला थायरॉईड आहे, तर मीही चैत्रापर्यंत शाल सोडत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हातपाय गार पडतात. अशा माणसाने कम्फर्टच्या आकड्यात पाच अंश मिळवायचे. कम्फर्ट दहा लिहिलं असेल तर आपल्यासाठी ते पंधरा. आपल्या भागातल्या हिवाळ्यासाठी तू कम्फर्ट पाच लिहिलेली बघ. खिशाला जड वाटली तर कम्फर्ट दहाची घे आणि भर थंडीचे पाच-सहा आठवडे सोडून दे. कार्तिकात आणि फाल्गुनात डोंगर काही कमी देखणा नसतो.

भरण पिसांचं की पॉलिस्टरचं, यावर तुझा मित्र तासभर बोलला म्हणे. बदकाच्या नाहीतर हंसाच्या छातीखालची मऊ पिसं वजनाला हलकी, दाबली तर मुठीएवढी, आणि उबेला त्यांच्या तोडीचं काही नाही. दुकानात साडेसहाशे, आठशे असा फिल पॉवरचा आकडा सांगतात. औंसभर पिसं फुलून किती घन इंच जागा व्यापतात, त्याचं ते माप. मी नाकारत नाही. पण दोन गोष्टी. एक, चांगल्या पिसांची बॅग माझ्या पाहण्यात दहा हजारांच्या आत आली नाही, आणि आली तर तिच्यात पिसांच्या देठांचाच भरणा असतो. दुसरी, पिसं ओली झाली की त्यांचा लगदा होतो आणि ऊब जाते. आपल्याकडे दिवाळीनंतर पडणारं दव तुला माहीत आहे. सकाळी तंबूच्या आतल्या अंगाला पाण्याचे ओघळ असतात. मुळशी-ताम्हिणीकडे तर हवेतच ओल. पॉलिस्टरचा पोकळ धागा भिजला तरी घोंगडीसारखी थोडीफार ऊब राखतो, घरी धुता येतो, लवकर वाळतो आणि निम्म्याहून कमी पैशांत मिळतो. तो थोडा जड, थोडा फुगीर, हे खरं. कम्फर्ट दहाची बॅग किलो-सव्वा किलोपर्यंत भरते. ते वजन मी पत्करीन. तू पिसांच्या मागे लागू नकोस.

वजनाचं आणखी एक. तुझ्या पाठीवर सगळं मिळून पाच-सहा किलोच्या वर जाता कामा नये. तंबू, भांडी, पाण्याचा मोठा कॅन बरोबरच्यांकडे दे, आणि ते देताना ओशाळू नकोस. राजगडावर पोरं माझी सॅक पाळीपाळीने घ्यायची, त्यात मला कधी उणेपणा वाटला नाही. पण स्वतःचं अंथरूण-पांघरूण आणि औषधं मात्र स्वतःजवळ असू देत. वाटेत मंडळी मागेपुढे होतात आणि अंधार पडल्यावर आपलं पांघरूण दुसऱ्याच्या पाठीवर असणं ठीक नाही.

आता आकार. निमुळत्या, पायाकडे अरुंद होत जाणाऱ्या बॅगेला ममी म्हणतात. ती उबदार आणि हलकी, कारण आतली मोकळी हवा कमी. सगळे तीच घे म्हणतील. मी तुला विचारते, तू कुशीवर झोपतेस की नाही? रात्री खुबा दुखला की दहा वेळा कूस बदलतेस की नाही? अरुंद ममीत कूस बदलायची म्हणजे सबंध बॅग अंगाबरोबर फिरते, टोपी तोंडावर येते, आणि गुडघे पोटाशी घेता येत नाहीत. आखडलेल्या सांध्यांना ती शिक्षाच. सरळ चौकोनी बॅगेत जागा भरपूर, पण ती सगळी जागा तापवायची कोणी? मधली एक तऱ्हा असते, खांद्याशी आणि खुब्याशी ऐसपैस, पायाकडे थोडी निमुळती, डोक्याला टोपी असलेली. बायकांच्या मापाच्या म्हणून विकतात त्यात खुब्याला जागा जास्त असते आणि पायाकडे भरणही जास्त असतं. ती बघ.

आणि चेन. या एका गोष्टीवर मी तुझ्याशी भांडेन. बॅग विकत घ्यायला दुकानात दुपारी जाऊ नकोस, सकाळी दुकान उघडायच्या वेळेला जा. आमवाताचा आखडलेपणा सकाळचा असतो. दुपारी चार वाजता तुझी बोटं सगळं करतात, त्यामुळे दुपारी कुठलीही चेन सोपी वाटेल. तुला ती उघडायची आहे पहाटे पाचला, गार अंधारात, लघवीची घाई झालेली असताना. म्हणून सकाळच्या बोटांनी परीक्षा घे. बॅग जमिनीवर पसरायला लाव, आत शीर, चेन गळ्यापर्यंत ओढ, डोळे मीट आणि आतून उघड. तीन वेळा कर. कापड दातात अडकतं का बघ. चेनीच्या आतून कडक पट्टी शिवलेली असली तर अडकत नाही. चेन दोन्ही टोकांनी उघडणारी असावी, म्हणजे पाय तापले तर खालून मोकळं करता येतं. डावी चेन की उजवी, हेही तुझा कुठला हात जास्त दुखतो त्यावर ठरव. ओढणी बारीक असेल तर घरी आणल्यावर तिला परकराच्या नाडीचा वीतभर फास बांध. मग चिमटीने धरायची गरज नाही, मूठ किंवा नुसतं मनगट अडकवून ओढता येतं. माझ्या दोन्ही बॅगांना तांबडी नाडी आहे, टॉर्चच्या उजेडात पटकन दिसते. दुकानात लोक बघतील. बघू देत.

बॅगेच्या आत घालायच्या खोळीला पैसे घालवू नकोस. ती मी शिवते. सासूबाईंची दोन जुनी लुगडी आहेत, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. एका नऊवारीत दोन माणसांच्या खोळी निघतात. दुहेरी घडी, एक बाजू आणि तळ शिवायचा, गळ्याशी हातभर उघडं. विकतच्या खोळींवर इतके अंश वाढतात, तितके अंश वाढतात असं लिहितात. मी त्यातले दोन-तीनच खरे धरते. पण खोळीचा खरा उपयोग वेगळा आहे. अंगाचा घाम, तेल, तुझ्या सांध्यांना चोळायचं मलम, सगळं तिला लागतं, आणि दर वेळी धुवायची ती तेवढीच. बॅग जितकी कमी धुवावी लागेल तितकी ती जास्त वर्षं फुललेली राहते. धुळीने तुला शिंका येतात, त्यालाही खोळ बरी.

विकत घ्यायच्या आधी एकदा भाड्याने आणून बघ. पुण्यात ट्रेकचं सामान भाड्याने देणारी दुकानं आहेत. दोन वेगवेगळ्या आकारांच्या बॅगा आण, दोन रात्री झोप, मग ठरव. जुनी कोणाची मिळाली तरी चालेल, पण ती उजेडासमोर धरून बघ. भरण कुठे गोळा झालंय आणि कुठे नुसतं कापड उरलंय ते आरपार दिसतं. जुन्या वाकळीला जसे जवळजवळ टाके असतात म्हणून आतल्या चिंध्या हलत नाहीत, तसंच बॅगेच्या कप्प्यांचं. शिवण उसवली की भरण घसरतं आणि त्या जागी थंडीला दार उघडं होतं. नाकाशी धर. कुबट वास असेल तर घेऊ नकोस, तो जात नाही.

रात्री काय करायचं ते थोडक्यात सांगते. चालून आलेले कपडे घालून आत शिरू नकोस, घामाची ओल रात्री गार पडते. कोरडे, सैल कपडे, कोरडे मोजे, कानटोपी. तोंड बॅगेच्या आत घेऊन झोपू नकोस, श्वासाची वाफ आत साचून भरण ओलं होतं. झोपण्याआधी गूळ-शेंगदाणे खा, अंगाला जळण लागतं. आणि थंड अंगाने बॅगेत जाऊ नकोस. आधी तंबूभोवती चार फेऱ्या मार, हात चोळ, मग शीर. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवली तर स्वर्ग वाटतो, मीही ठेवते. पण तुझी आई बरोबर असेल तर तिला देऊ नकोस. मधुमेहाने तिच्या तळपायाची जाणीव कमी झालीय, भाजलं तरी तिला कळणार नाही. तिच्या उशाशी साखर आणि बिस्किटं ठेव. रात्री अंगाला गार घाम सुटला तर थंडी समजून पांघरूण ओढत बसायचं नाही, साखर उतरली आहे का ते आधी बघायचं.

पहाटे जाग आली की लगेच उठायचं नाही. बॅगेच्या उबेतच दहा मिनिटं बोटं मिटव-उघड, घोटे फिरव, गुडघे एकेक पोटाशी घे. बाहेर घालायचा स्वेटर रात्री बॅगेतच पायाशी ठेव, म्हणजे सकाळी तो उबदार मिळतो. सकाळची गोळी आणि पाणी हाताच्या अंतरावर. तुझ्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते, तेव्हा साधं खरचटलं तरी धुऊन मलम लावायचं, आणि निघण्याआधी डॉक्टरांना कुठे चाललीस हे सांगून ठेवायचं.

एका गोष्टीवर मी अजिबात सवलत देत नाही. उघड्यावर झोपायचं नाही, तंबूची आतली जाळी पूर्ण मिटलेली हवी. आपल्या भागात मण्यार आहे. ती रात्रीची फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसालाच बहुधा चावते, आणि तिचा दंश दुखत नाही, सुजत नाही. झोपेत कळतच नाही. पहाटे पापण्या जड झाल्या, पोटात कळ आली, गिळताना अडखळलं, तर वाट न बघता सापाच्या विषावरची लस असलेलं इस्पितळ गाठायचं. बॅग रात्री झोपायच्या वेळीच उलगडायची, सकाळी झटकून गुंडाळायची, बूट आपटून घालायचे. घाट उतरून कोकणाकडे गेलीस तर लाल विंचू आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन देऊन त्या दंशाने होणारे मृत्यू किती कमी करून दाखवले, हे मी वर्गात पोरांना सांगायचे. पण औषध आहे म्हणून झटकायचं सोडू नये.

जागेचं तुला माहीतच आहे. काही संरक्षित गडांवर मुक्कामाला आता बंदी आहे, ताम्हिणी अभयारण्यात वन खात्याला विचारल्याशिवाय थांबायचं नाही, आणि खासगी रानात मालकाला विचारून. गावात शिरून कोणा घरी सांगून ठेवलं तर रात्री अडीअडचणीला हाकेला कोणीतरी असतं. तुला आता ते हवं.

घरी आल्यावर बॅग तिच्या बारक्या पिशवीत कोंबून कपाटात टाकू नकोस. दाबून ठेवलेलं भरण कायमचं बसतं. सैल सुती पिशवीत, नाहीतर दांडीवर टांगून ठेव. धुवायची झाली तर कोमट पाण्यात, सौम्य साबणाने, पिळायचं नाही, ओली उचलताना खालून दोन्ही हातांचा आधार द्यायचा, नाहीतर पाण्याच्या वजनाने आतली शिवण तुटते. हे काम तू करूच नकोस, इकडे आण, काका आणि मी करू. आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडीप बघून ऊन-वारा दाखव. एकदा भुरी धरली की संपलं.

गच्ची मी झाडून ठेवली आहे. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला नदीकडचा वारा लागत नाही, तिथे तंबू बसतो, मी मोजून बघितलं. मार्गशीर्षातला पहिला शनिवार धर. भाड्याच्या दोन्ही बॅगा घेऊन ये, चटई माझी वापर. जिन्याच्या दाराला कडी लावणार नाही आणि स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवीन. पहाटे पाचला मी चहा घेऊन वर येईन, पण जाळीबाहेर उभी राहीन. चेन तू उघडायची. पेंढाही मागून ठेवला आहे शेजारून, दोन भारे. गच्चीवर लागणार नाही म्हणशील, तरी एकदा झोपून बघ त्यावर. घोंगडी पायाशी असेल.